यादी कुणाच्या नावावर

आम्रपालीने राजीनामा दिला तेव्हा कुलदीप सरांना आधी वाटलं, तिला दुसरीकडे चांगली जागा मिळाली असणार. तळवड्याच्या आयटी पार्कातला माणूस जातो तो हिंजवडीला, आणि जातो तो पगारासाठी, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांनी खुर्ची पुढे ओढून सरळच विचारलं, "कुठे चाललीस?"

"घरी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आकुर्डीला. घरी. दुसरी नोकरी नाही बघितलेली. दमलेय, सर."

कुलदीप सर हसले. ती हसत नाही असं पाहून थांबले. "अगं, दमलेत तर सगळेच. आठ दिवस सुट्टी टाक, महाबळेश्वरला जाऊन ये."

"आठ दिवसांचं काम परत आल्यावर मलाच करावं लागतं. मागच्या वेळी गेले होते ना, आल्यावर जास्तच दमले."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. नोटिशीचे तीन महिने पूर्ण करायला लागतील, तोवर मी तुला माणूस देतो, त्याला सगळं शिकव, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

कंपनी चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन लाइनच्या शेवटी येतात, तिथे तपासणीचं यंत्र असतं. भाग त्यावर बसवायचा, बटण दाबायचं; पडदा हिरवा झाला तर माल पेटीत, लाल झाला तर बाजूला. त्या पडद्यामागच्या संगणकात जे काही चालायचं ते तळवड्याहून जायचं. वेगवेगळी माणसं वेगवेगळे प्रोग्रॅम लिहायची आणि प्रत्येकाचं पॅकेज बांधून ते कारखान्यांना पाठवलं जायचं.

हे प्रोग्रॅम सगळंच काही स्वतः करत नसत. यंत्राशी बोलणं, मोजमापं साठवणं, कॅमेऱ्याचं चित्र वाचणं, अशी सगळ्यांना लागणारी कामं वेगळ्या लायब्रऱ्यांमध्ये ठेवलेली असत आणि एकेक लायब्ररी कितीतरी प्रोग्रॅम मिळून वापरत. म्हणून प्रत्येक पॅकेजावर लिहिलेलं असावं लागे, की मला अमुक लायब्ररी लागते आणि ती किमान अमुक आवृत्तीची लागते. लायब्ररीचं नाव संगणक आपलं आपण शोधून काढी. किमान आवृत्ती मात्र तो एका यादीत बघून लिही, आणि ती यादी माणसाने सांभाळायची होती. लायब्ररीत कोणी नवी सोय घातली की यादीतला आकडा वाढवायचा. जुनी सोय काढली, तर लायब्ररीला नवं नाव द्यायचं आणि तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा बांधून घ्यायचे. यात काही राहून गेलं तर बांधताना कळत नाही, पाठवताना कळत नाही. नवा प्रोग्रॅम कारखान्यातल्या जुन्या लायब्ररीवर निमूट जाऊन बसतो, आणि कोणी तो चालू करायला गेलं की तिथे नसलेली सोय मागतो आणि कोसळतो.

ती यादी आम्रपालीकडे आली होती ती तात्पुरती. आधीचा माणूस सोडून गेला, दुसरा येईपर्यंत तू बघ, असं तिला सांगितलं तेव्हा तिची दीक्षा रांगत होती. आता दीक्षा सायकलवरून शाळेत जायची. यादी बरोबर असली की अशी काही यादी आहे हेही कोणाच्या गावी नसायचं. रोज सकाळी लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांचे निरोप यायचे, इथे हे घातलं, तिथे ते काढलं, आणि ती एकेक ओळ तपासत बसायची. जेवायच्या सुट्टीत इतरांच्या गप्पा चालत, नवं काय शिकतोय, कुठला प्रोजेक्ट मिळाला. वर्षाच्या शेवटी कामाचा आढावा घ्यायला बसलं की कुलदीप सर विचारायचे, "यंदा नवीन काय केलंस?" आणि तिला दर वर्षी आठवायला वेळ लागायचा.

मधले काही महिने मात्र बरे गेले होते. लातूरकडचा ज्ञानेश नावाचा मुलगा तिच्या हाताखाली आला होता. हुशार होता, विचारायचा खूप. चार महिन्यांत त्याने यादी अशी उचलली, की कुलदीप सरांनी ती रीतसर त्याच्या नावावर केली. यादीच्या डोक्यावर जिथे सांभाळणाऱ्याचं नाव असतं तिथे आम्रपालीचं जाऊन ज्ञानेशचं आलं. त्या संध्याकाळी ती घरी जाताना आकुर्डी स्टेशनजवळ उतरून उगाचच चालत गेली होती.

पण एक दिवस ज्ञानेश चहाच्या टपरीवर तिला म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? हे काम करून माणूस मुलाखतीत काय सांगतो?"

तिने कपातला चहा संपवला.

"नाही, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही विचारलो. मला काम आवडतंय. पण सांगताच येईना गेलंय कुणाला."

नव्या माणसाला नोटीस एकाच महिन्याची; पुढच्याच महिन्यात तो हिंजवडीला गेला. यादी कोणी न सांगता पुन्हा आम्रपालीच्या टेबलावर आली. वरचं नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही, तिलाही नाही. ती नुसती बसली आणि सकाळचे निरोप वाचायला लागली. त्याच आठवड्यात तिने राजीनामा लिहिला.

घरी तिने ते सासऱ्यांना, अण्णासाहेबांना, सांगितलं. दुचाकींच्या कारखान्यात त्यांची सगळी उमर गेली होती. कायमची नोकरी आपणहून सोडायची असते हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. "साहेब त्रास देतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मग कामावर बायका बोलतात का काही?"

"कोणीच काही बोलत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मुलाचं विचारलं. "धम्मरत्नाला सांगितलंस?"

"त्यानेच सांगितलं सोड म्हणून."

"मग झालं," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलं नव्हतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

नोटिशीच्या काळात कुलदीप सरांनी कबूल केल्याप्रमाणे माणसं दिली. पहिली मुलगी आठवडाभर बसली आणि मग तिला एका परदेशी ग्राहकाच्या कामावर ओढलं. दुसरा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, हे सगळं आपोआप व्हायला पाहिजे, मी तसं करून दाखवतो. त्याने खरंच अर्धंअधिक करून दाखवलं असतं. पण तोही पंधरा दिवसांत दुसरीकडे गेला, आणि त्याचं अर्धवट काम आम्रपालीला आवरावं लागलं. शिकवायचं आणि पुन्हा शिकवायचं, यात दिवसभराचं काम संध्याकाळवर जायचं. ती घरी पोचायची तेव्हा दीक्षाचा अभ्यास होऊन गेलेला असायचा.

अशातच एक दिवस तो निरोप आला. यंत्राशी बोलणाऱ्या लायब्ररीत नवी सोय घातली आहे, किमान आवृत्ती वाढवावी. दोन ओळींचा निरोप. आम्रपालीने तो वाचला, समजून घेतला, कुठला आकडा किती करायचा हेही तिच्या मनात ठरलं. तेवढ्यात दुसरे पाच निरोप आले. मनाने तिने ते काम केलं होतं. हाताने केलं नव्हतं. संध्याकाळी तिने सगळे निरोप वाचून झाले असं पाहिलं आणि संगणक बंद केला.

पुढे चार-सहा दिवसांनी सकाळी ती नुकतीच जागेवर बसली होती, तोच कुलदीप सर घाईघाईने आले. खराबवाडीच्या वायपर मोटारीच्या कारखान्यात तपासणीची दोन्ही यंत्रं बंद पडली होती. आदल्या दिवशी नवा प्रोग्रॅम चढवला, आणि सकाळच्या पाळीने बटण दाबलं तर पडदा काळा.

"तिथली यंत्रं इंटरनेटला जोडलेली नाहीत, इथून काही करता येत नाही. जाशील का? दुसरं कोणी नाही माझ्याकडे."

ती पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन निघाली. मोशीपर्यंत गाडी बरी चालली. कुरुळी फाट्याच्या पुढे कंटेनरांची रांग लागली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद करून खिडकीची काच खाली घेतली. कारखान्यातून कोणीतरी काळ्या पडद्याचा फोटो पाठवला होता. आम्रपालीने तो बोटांनी मोठा करून पाहिला. एकच ओळ होती, अमुक सोय सापडली नाही. त्या सोयीचं नाव तिने दोनदा वाचलं. तो दोन ओळींचा निरोप तिला शब्दन्‌शब्द आठवला, आणि आपण पुढे काय केलं हेही. म्हणजे काहीच नाही.

कारखान्याच्या गेटवर लॅपटॉपची नोंद, मग सेफ्टी शूज, मग टोपी, असं करत ती लाइनवर पोचली. एरवी इतका आवाज असतो की ओरडून बोलावं लागतं. आज लाइनचा शेवट शांत होता. मोटारींच्या निळ्या पेट्या एकावर एक रचत माणसाच्या खांद्यापर्यंत आल्या होत्या. काही मुलं पेट्यांना टेकून बसली होती, एकाच्या हातात झाडू होता आणि तो झाडलेलीच जागा पुन्हा झाडत होता.

राखाडी कोट घातलेली एक तरुण बाई पुढे आली. "सॉफ्टवेअरवाल्या मॅडम का? या. मी पुनम. ही लाइन माझ्याकडं हाय."

आम्रपालीने यंत्राच्या मागचं झाकण उघडून पेन ड्राइव्ह लावला. पुनम शेजारी उभी राहिली. तिचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा तिने तो कापला. तिसऱ्यांदा घेतला आणि बाजूला वळून हळू आवाजात म्हणाली, "आये, सांगितलं ना तुला, अजून काय बी खरं न्हाई. तुमी करून घ्या. माझी वाट बगू नका."

फोन ठेवून ती आम्रपालीकडे बघून कसनुशी हसली. "रविवारी बहिनीचा साखरपुडा हाय. रोहकलला, घरीच. आनि आज लाइन थांबली ना, साहेब म्हनाले, रविवारी येऊन भरून काढा."

आम्रपालीने पडद्याकडे वळून लायब्ररी चढवायला घेतली. नवी लायब्ररी चढायला काही फार वेळ लागला नाही. पहिल्या यंत्राचा पडदा उजळला. पुनमने पेटीतली एक मोटार उचलून साच्यात बसवली, बटण दाबलं. मोटार घुर्रर करून फिरली आणि पडदा हिरवा झाला. "चालू झाली रे," ती मागे वळून ओरडली, आणि टेकलेली मुलं एकेक करून उठली. कोणाला आनंद झाला असं काही दिसलं नाही. दुसरं यंत्रही लागलं. आवाज हळूहळू परत आला.

"आता रविवार सुटेल?" आम्रपालीने विचारलं.

"न्हाई. वर कळवून झालंय. माल कमीच पडनार."

"मी बोलते तुमच्या साहेबांशी. चूक आमच्याकडची आहे."

"बोलून काय व्हनार, मॅडम? चूक कुनाची का असंना, मोटारी तर भराव्या लागनारच." पुनमने कपाळावरची टोपी मागे सारली. "पर झालं काय होतं?"

"एका यादीत एक आकडा वाढवायचा होता. तो राहिला."

"कुनाकडनं?"

"माझ्याकडून," आम्रपाली म्हणाली.

पुनमने तिच्याकडे नीट पाहिलं. ती चिडेल असं आम्रपालीला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण पुनम नुसती म्हणाली, "राहतं कदी कदी. माझ्याकडनं बी राहतं. मंग मला बी लई बोलत्यात." आणि लाइनकडे गेली.

आम्रपाली तरीही प्रॉडक्शनच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. चूक आमची होती, तुमच्या माणसांना रविवारी बोलवावं लागतंय याचं वाईट वाटतं, दुसऱ्या पाळीत काही करता येईल का, असं तिने जमेल तसं सांगितलं. ते गृहस्थ संगणकावरून नजर न उचलता म्हणाले, "मॅडम, तुम्ही कारणाचा रिपोर्ट पाठवा. आमचं आम्ही बघतो." तिने सहीचा कागद पुढे केला, त्यांनी सही केली.

ती तळवड्याला परतली तेव्हा दुपार उलटून गेली होती. कुलदीप सर रिपोर्ट उघडून तिची वाटच बघत होते. कारणाची जागा रिकामी होती.

"यादीत आकडा वाढवायचा राहिला," तिने सांगितलं.

"यादी कोणाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच स्वतः उघडून पाहिलं. "ज्ञानेशच्या. बरं झालं. संबंधित कर्मचारी आता कंपनीत नाही, असं लिहून टाकतो. ग्राहकही शांत होईल."

"ज्ञानेश गेल्यानंतरचा निरोप आहे तो, सर. मी वाचला होता. माझ्याकडून राहिलं."

"ते कुठे दिसतंय? केलेल्या कामाची नोंद राहते, राहिलेल्या कामाची थोडीच राहते. नाव त्याचं आहे."

"दिसत नाही म्हणून काय झालं?"

"आम्रपाली, तो गेलाय. त्याला पत्ता पण लागणार नाही."

"लागेल. नवीन कंपनी इथे फोन करून चौकशी करणार आहे, त्याची नोकरी अजून पक्की नाही झालेली. त्या वेळी एचआर हाच रिपोर्ट बघणार." तिचा आवाज चढला नव्हता, चढवायला लागणारं बळ सकाळपासून संपलेलं होतं. "माझं नाव लिहा. माझी चौकशी करायला कोणाचाही फोन येणार नाहीये."

कुलदीप सरांनी पेन टेबलावर टाकलं. "आणि ग्राहकाने विचारलं, की आता ती यादी कोण बघतं, तर काय सांगू? जिने चूक केली तीच बघते, तीही महिन्याने चाललीय, आणि तिच्यानंतर कोणी नाही?"

"हो. तसंच आहे ना."

"मी माणसं दिली नाहीत का तुला?"

"दिलीत. आणि काढूनही घेतलीत."

ते खिडकीकडे बघत राहिले. खाली पार्कातल्या बस लागायला सुरुवात झाली होती. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वरून मला दर तीन महिन्यांनी विचारतात, या कामाला पूर्ण वेळ माणूस कशाला लागतो? ती बाई दिवसभर करते काय? आणि मला सांगता येत नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलतो. माणूस काढून घेतला की मी भांडत नाही, कारण भांडायला मुद्दा काय मांडायचा तेच मला कळत नाही. खरं सांगू? मला ते काम येत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. तिला त्यांचा राग यायला हवा होता; तोही आला नाही.

"मग शिका," ती म्हणाली.

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

रिपोर्टात तिचं नाव गेलं. कुलदीप सरांनी वाक्य दोनदा खोडून सौम्य केलं, पण नाव ठेवलं.

रविवारी घरी आम्रपालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवण झाल्यावर ती सारखी घड्याळाकडे बघत होती. आता पाळी सुटली असेल, आता ती मुलगी रोहकलच्या वाटेला लागली असेल, सुपारी फुटून पाहुणे जेवायला बसले असतील. अण्णासाहेबांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आमच्याकडे लाइन थांबली की आम्हाला बरं वाटायचं," ते म्हणाले. "बसून घ्यायचो. गप्पा हाणायचो. रविवारचं मागून कळायचं. धम्मरत्नाच्या शाळेत एकदा बक्षीस समारंभ होता, तो असाच हुकला माझा." मग जरा थांबून म्हणाले, "कोणी येऊन चूक माझी होती असं काही म्हणालं नाही कधी. म्हणालं असतं तर काय केलं असतं आम्ही, कोण जाणे." त्यांनी त्यानंतर नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी कुलदीप सर वही घेऊन तिच्या टेबलाशी आले. पहिले काही दिवस कठीण गेले. दर थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजायचा, ते उठून जायचे, आणि परत येईपर्यंत आधीचं विसरलेले असायचे. ती तेच पुन्हा सांगायची. तरुणपणी ते चांगला प्रोग्रॅम लिहायचे, असं ते अधूनमधून सांगत. मग साधी गोष्ट अडली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एकदा चिडून म्हणाले, "यात डोकं लावण्यासारखं आहे काय? नुसती हमाली आहे."

"हो ना," ती म्हणाली. "पुढची ओळ बघा."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला सुरुवात केली. यादीवरचं ज्ञानेशचं नाव काढून त्यांनी आपलं घातलं. कोणी विचारलं तर सध्यापुरतं, म्हणायचे. एकदा लायब्ररी लिहिणाऱ्या एका मुलाने न कळवताच सोय काढून टाकली होती, ती कुलदीप सरांच्या नजरेतून सुटली आणि आम्रपालीने दाखवली. ते लगेच उठले आणि त्या मुलाच्या टेबलापाशी जाऊन असे काही बोलले, की सगळा मजला वळून बघायला लागला. परत आले तेव्हा धापा टाकत होते. "हे तुझ्या बाबतीत किती वेळा झालं?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्याला एक-दोनदा."

"मग तू काय करायचीस?"

"मीच दुरुस्त करायचे."

त्यांनी वही मिटली. पण त्या दिवशी चहाला त्यांनी तिला आपणहून बोलावलं आणि टपरीवरचे पैसेही त्यांनीच दिले.

शेवटच्या दिवशी तिला केक कापायला लावला, एक पितळी समई दिली, दोन जणांनी भाषणं केली. दोघांनाही ती नेमकं काय करायची ते माहीत नव्हतं, म्हणून ती फार शांत आणि मनमिळाऊ आहे असं दोघांनीही सांगितलं. कुलदीप सर भाषणाला उभे राहिले नाहीत. केक खाऊन झाल्यावर त्यांनी तिला जागेवर नेऊन त्या दिवशीच्या नोंदी दाखवल्या. तिने वाचल्या. एक चुकलेली होती, ती त्यांनी दुरुस्त केली. मग तिने आपली बाटली आणि डबा पिशवीत भरला.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्रपाली नुसती झोपली. दुपारी झोपायची, संध्याकाळी दिवे लागल्यावर उठायची आणि पुन्हा जेवून झोपायची. धम्मरत्न कॉलेजातल्या नोकरीवरून आल्यावर कुकर लावायचा. दीक्षा विचारायची, आई आजारी आहे का, तर अण्णासाहेब तिला म्हणायचे, नाही, आवाज करू नकोस. झोप कमी झाली तेव्हा ती अण्णासाहेबांबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागली. दोघंही फारसं बोलत नसत. दुसरी नोकरी बघायची होती, पण अजून घाई नव्हती.

दिवाळीच्या सुमारास ज्ञानेशचा फोन आला. त्याची नोकरी पक्की झाली होती. त्या रिपोर्टाचं त्याला काही माहीत नव्हतं आणि तिनेही सांगितलं नाही. बोलता बोलता त्याने जुन्या ऑफिसातली बातमी दिली. कुलदीप सरांनी वरच्या लोकांपुढे उभं राहून तासभर यादीवर भाषण दिलं होतं म्हणे. कुठली चूक कशी होते, एका चुकीने चाकणला काय होतं, सगळं स्वतः करून दाखवलं. आणि दोन माणसं मंजूर करून घेतली, फक्त त्या कामासाठी. शिवाय न कळवता लायब्ररी बदलणाऱ्याचं पॅकेज अडवून ठेवायचा नियम केला.

"दोन माणसं, मॅडम!" ज्ञानेश हसत होता. "तुम्ही एकट्या करत होतात ते."

"हं," ती म्हणाली. "चांगलं झालं."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि चकलीचं पीठ मळायला घेतलं. मळता मळता तिच्या लक्षात आलं, आपण पिठावर फार जोर काढतोय. इतकी वर्षं ती हेच सांगत होती. आढाव्यात सांगितलं होतं, लेखी दिलं होतं, बैठकीत हात वर करून सांगितलं होतं. एका साहेबाने दोन महिने स्वतः केलं आणि लगेच दोन माणसं! तिचे कान तापले. तिने परात आदळली.

"काय झालं?" अण्णासाहेब दारात आले.

"राग आलाय, बाबा."

"माझा?"

"नाही हो. ऑफिसचा."

"आत्ता?" ते चकित होऊन म्हणाले. "सोडून इतके महिने झाले आणि आत्ता?"

"तेव्हा यायला ताकदच नव्हती," ती म्हणाली, आणि सोऱ्या धुवायला उठली.